स्लम सॉकर

झोपडपट्टीतल्या मुलामुलींना फुटबॉल शिकवणारी नागपूरची संस्था. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी ती २००१ मध्ये सुरू केली. एकदा भर पावसात काही पोरे फुटकी बादली लाथाडत खेळत होती. ते पाहून बारसे यांनी त्या पोरांपुढे खरा चेंडू ठेवला. संस्थेचे खेळाडू बेघरांच्या विश्वचषकात भारताकडून उतरतात. तिथे संघ चौघांचा, प्रत्येक डाव सात मिनिटांचा. एकाला कायम प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानात थांबावे लागते. त्यामुळे गोलरक्षकापुढे बचावाला दोघेच उरतात.  नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’ (२०२२) या चित्रपटात बारसे यांच्यावर बेतलेली भूमिका अमिताभ बच्चन यांनी केली.