माडाच्या भुंग्याचा सूक्ष्म वैरी



मुंबईला गेलात तर गिरगावात एक चक्कर मारा. आंबेवाडी, फणसवाडी, केळेवाडी, जांभूळवाडी अशी नावं वाचून वाटेल, आपण कोकणातच आहोत. आज तिथं चाळी नि इमारती आहेत. पण एके काळी गिरगावपासून दादर-माहीमपर्यंत माडांच्या वाड्या होत्या आणि भंडारी मंडळी माडी काढीत. पुढं गिरण्या आल्या, वस्ती वाढली, वाड्या गेल्या. मुंबईचे माड माणसानं तोडले. आपल्याकडचे माड भुंगा खातो.

गेंड्या भुंगा शेंड्याचा कोवळा कोंब कुरतडतो. त्याची अळी उकिरड्यात आणि कुजक्या खोडात वाढते. सोंड्या भुंग्याची अळी तर उभं खोडच आतून पोखरते. बाहेर तांबूस चिकट रस दिसेपर्यंत झाड पोकळ होऊ लागलेलं असतं. वरून मारलेला फवारा तिथवर पोचत नाही. मग आत शिरून अळीला गाठणारा कोण?

अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात १९२९ साली रुडॉल्फ ग्लेझर या शास्त्रज्ञाला जपानी भुंग्याच्या मेलेल्या अळ्यांत बारीक सूत्रकृमी सापडले. त्यानं ते प्रयोगशाळेत वाढवले आणि जमिनीत सोडून पाहिले. पण १९४० नंतर डीडीटीसारखी औषधं आली आणि हे काम मागं पडलं. किडी औषधांना सरावल्या, तेव्हा त्याची पुन्हा आठवण झाली. आपल्या देशात कोइमतूरला उसाचा शेंडा पोखरणाऱ्या अळीत अशीच एक जात मिळाली. १९९२ साली तिला 'हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका' हे नाव पडलं. आपल्या उष्ण हवेतली असल्यानं ती उन्हाळाही बऱ्यापैकी सोसते.

सूत्रकृमी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर वांगी-टोमॅटोच्या मुळांवरच्या गाठी येतील. ते सूत्रकृमी वेगळे. हे पिकाला शिवत नाहीत. माणसाला, गुराढोरांना, गांडुळांनाही त्यांचा त्रास नाही. लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर. अळीच्या तोंडातून किंवा श्वासाच्या छिद्रांतून ते आत शिरतात आणि पोटातले जीवाणू सोडतात. एक-दोन दिवसांत अळी मरते, विटेसारखी लाल दिसते. पुढं तिच्यातूनच हजारो नवे सूत्रकृमी बाहेर पडून दुसरी अळी शोधतात.

मात्र ऊन आणि कोरड हे त्यांचे काळ. म्हणून ओलसर जमिनीत, संध्याकाळी सोडावेत. उसातल्या हुमणीसाठी त्यांची भुकटी देशात तयार होते. खोडातल्या अळीसाठी मात्र त्यांच्या एकट्यावर विसंबू नका. झावळी खोडालगत तोडू नका, सुमारे ४ फूट देठ राखा. कारण ताज्या जखमेच्या वासानं सोंड्या भुंगा अंडी घालायला येतो. मेलेला माड वाडीत उभा ठेवू नका, तोडून जाळा. उकिरडा उपसताना दिसतील त्या अळ्या वेचून मारा.

भुकटी घेण्याआधी तिची तारीख पाहा. आतला माल जिवंत असतो; जुनी पुडी म्हणजे पैसा पाण्यात. वापरण्यापूर्वी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्या. एक माड फळाला यायला पाच-सात वर्षं लागतात. तो वाचवायला थोडी चौकशी महाग नाही.