मुंबई ते नागपूर अंतर किती? विमानाने आणि रस्त्याने किती वेळ लागतो?

मुंबई ही राज्याची राजधानी, तर नागपूर ही उपराजधानी. कोर्टाचे काम असो, परळला उपचार असोत की हिवाळी अधिवेशन, या दोन शहरांमध्ये रोज हजारो लोक ये-जा करतात. मात्र 'अंतर किती?' या प्रश्नाचे उत्तर तुम्ही कशाने जाता यावर अवलंबून आहे.

एका नजरेत

- हवाई अंतर (सरळ रेषेत) : सुमारे ६८५ किमी
- समृद्धी महामार्ग : ७०१ किमी
- रेल्वे : ८३७ किमी

विमानाने

विमान कंपन्यांच्या वेळापत्रकात हा प्रवास साधारण दीड तासाचा असतो. पण दीड तास म्हणजे विमानतळ ते विमानतळ. घरून निघणे, दोन तास आधी पोहोचणे, उतरल्यावर सामान घेणे आणि पुढे शहरात जाणे हे सगळे धरले, तर घर ते घर पाच तास सहज जातात. मुंबईत ट्रॅफिक लागले तर आणखी जास्त.

रस्त्याने

पूर्वी नाशिक, धुळे, अकोला, अमरावतीमार्गे जाताना आठशेहून अधिक किलोमीटर कापावे लागत आणि १५ ते १६ तास मोडत. समृद्धी महामार्गाने हे चित्र बदलले. नागपूर ते शिर्डी हा ५२० किमीचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला, तर इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किमीचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. हा रस्ता १० जिल्ह्यांतून जातो.

'आठ तासांत मुंबई' खरे आहे का?

हो, पण अर्धेच. हे आठ तास फक्त महामार्गाचे आहेत. महामार्ग मुंबईत नाही, भिवंडी तालुक्यातील आमणे येथे संपतो. तिथून अंधेरी किंवा दादर गाठायला गर्दीच्या वेळी दीड-दोन तास लागू शकतात. म्हणजे घर ते घर साडेनऊ-दहा तासांचा हिशेब धरावा. विमान आणि कार यांतला खरा फरक साडेसहा नव्हे, तर साडेचार-पाच तासांचा आहे. कारमध्ये चौघे असतील तर खर्चाचे गणितही बदलते.

वेळ वाचवताना हे विसरू नका

सपाट भागात कारसाठी वेगमर्यादा ताशी १२० किमी, तर घाटात १०० किमी आहे. दुचाकी आणि रिक्षांना या रस्त्यावर परवानगी नाही. सरळ, एकसुरी रस्त्यावर चालकाला डुलकी लागण्याचा धोका मोठा असतो. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवाशांचा जीव गेला. त्यामुळे :

- निघण्यापूर्वी टायर आणि त्यातली हवा तपासा.
- दर दोन तासांनी अधिकृत थांब्यावर १५ मिनिटे थांबा.
- शक्यतो दोन चालक ठेवा, रात्री दोन ते पहाटे पाच गाडी चालवणे टाळा.

दोन तासांनी एक याप्रमाणे तीन थांबे घेतले तरी एकूण पाऊण तासच जातो. नागपूरहून मुंबई गाठताना तेवढा उशीर परवडतो.