जिरेटोप, नऊवारी आणि चुंबळ : इतिहासाच्या तासाला वेशभूषा

लोकलच्या गर्दीत ज्यांना ऐकता येत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोड लिहून देतोय. आजचा प्रश्न साधा आहे. इतिहास शिकवताना बाईंनी किंवा सरांनी त्या काळातला पोशाख घालून वर्गात यावं का?

३ जानेवारीला तुमच्या व्हॉट्सॲपचे स्टेटस आठवा. नऊवारी, डोक्यावर पदर, कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात पुस्तक. कुठे विद्यार्थिनी सावित्रीबाई झालेल्या असतात, कुठे खुद्द बाईच. १९ फेब्रुवारीला तेच स्टेटस जिरेटोप आणि भगव्या फेट्यांनी भरतात. ‘हे गॅदरिंगचं काम झालं, शिकवणं कुठे झालं?’ असं काही जण म्हणतात. मला वाटतं, शिकवणं होऊ शकतं. पण त्या कपड्यांबद्दल वर्गात बोललं गेलं तरच.

मुळात इतिहास सोंग घेऊन, गाऊन, नाचून सांगणं आपल्याकडे नवीन नाही. बहुरूपी दारात यायचा तो वेश पालटूनच. शाहीर फेटा बांधून, डफ घेऊन उभा राहायचा. अफजलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा शिवकाळातला. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर पोवाडाच लिहिला, कारण ज्यांच्यापर्यंत पोचायचं होतं त्यातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. म्हणजे शाळेत जाऊ न शकलेल्या लोकांचा इतिहासाचा वर्ग गावच्या चौकातच भरायचा.

अलीकडची दोन उदाहरणं बघा. १९८५ मध्ये बाबासाहेब पुरंदरे यांचं ‘जाणता राजा’ आलं. हत्ती, घोडे, शेकडो कलाकार, भलामोठा सेट. त्यानंतर चार वर्षांनी, १९८९ मध्ये सुषमा देशपांडे यांनी ‘व्हय, मी सावित्रीबाई’ सुरू केलं. एकच बाई, समोर प्रेक्षक आणि सावित्रीबाई स्वतःची गोष्ट सांगतायत. पहिला प्रकार शाळेला परवडणारा नाही. दुसरा मात्र कुठल्याही वर्गात, फळ्यासमोर, पस्तीस मिनिटांच्या तासात जमू शकतो.

सावित्रीबाईंच्या बाबतीत तर कपडे हाच धड्याचा भाग आहे. १८४८ मध्ये पुण्यात, बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाईंचा जन्म १८३१ चा, म्हणजे तेव्हा वय सतरा. आज त्या वयात आपण बारावीच्या क्लासला जातो. शाळेत जाता-येता त्यांच्या अंगावर लोक शेण आणि चिखल फेकायचे. म्हणून त्या सोबत दुसरी साडी ठेवायच्या. शाळेत पोचल्यावर बदलायची, परत जाताना पुन्हा ती मळकी साडी नेसायची.

आता कल्पना करा, बाई वर्गात नऊवारी नेसून आल्या आणि टेबलावर दुसरी घडी केलेली साडी ठेवली. काहीच बोलल्या नाहीत. पहिल्या बाकावरची मुलगी विचारणारच, ‘बाई, ही दुसरी कशाला?’ तिथून धडा सुरू होतो. ‘समाजाचा विरोध सहन करून’ हे वाक्य आपण सगळ्यांनी परीक्षेत लिहिलंय, दोन मार्क घेतलेत आणि विसरलोय. दुसरी साडी विसरता येत नाही. कारण मग कळतं की विरोध म्हणजे रोज सकाळचा, रोज धुवायला लागणारा डाग होता.

आणि भिडे वाडा तर आता दाखवायलाही उरला नाही. राष्ट्रीय स्मारक उभारण्यासाठी मोडकळीला आलेली ती इमारत डिसेंबर २०२३ मध्ये पाडली. वास्तू गेली की आठवण पोचवायचं काम माणसांवर येतं.

इथपर्यंत सगळं छान. पण वेशभूषेची एक अडचण आहे, आणि तिचं सगळ्यात मोठं उदाहरण महाराजांच्या चित्राचं आहे. एके काळी शिवाजी महाराज म्हणून जे चित्र सर्रास छापलं जायचं, ते प्रत्यक्षात इब्राहिम खान नावाच्या दुसऱ्याच माणसाचं होतं. इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी जुन्या डच कागदपत्रांतून महाराजांचं अस्सल चित्र शोधलं आणि १९३३ मध्ये ते लोकांसमोर आणलं. सतराव्या शतकातलं महाराजांचं एक चित्र आज ॲम्स्टरडॅमच्या राईक्स म्युझियममध्ये आहे.

विचार करा, इतकी वर्षं लोकांनी चुकीच्या चेहऱ्याला मनापासून मुजरा केला. त्यांची भक्ती खोटी नव्हती. फक्त ‘हे चित्र आलं कुठून?’ हे बहुतेकांनी विचारलं नाही. आपण कोडिंगवाले कॉपी-पेस्ट करताना हेच करतो. चालतंय ना, मग राहू दे! वेशभूषेत तर हा धोका दुप्पट, कारण पाहिलेलं डोक्यात पक्कं बसतं. सिरियलमधले दागिने, भाड्याच्या दुकानातला चमकी लावलेला अंगरखा, प्लास्टिकची तलवार, हे सगळं मुलांच्या मनात ‘तसंच होतं’ म्हणून जमा होतं.

यावर उपाय वेशभूषा बंद करणं हा नाही. सर मावळा बनून आले, तर शेवटची दहा मिनिटं त्यांनी पोशाख मुलांच्या ताब्यात द्यावा. यातलं काय त्या काळातलं, काय आजच्या दुकानातलं? कापड कसलं? हे आपल्याला कशावरून कळलं, चित्रावरून, पत्रावरून की सिनेमावरून? सहावीतली पोरंसुद्धा हे मस्त करतात, चुका शोधायला त्यांना भारी आवडतं. आणि नकळत ती पुरावा तपासायला शिकतात. आज फोनवर येणाऱ्या अर्ध्या फॉरवर्डसाठी हेच कौशल्य लागतं.

शेवटचा मुद्दा आपल्या कोपरखैरण्याचा. इथे किती घरांत आजोबा किंवा वडील माथाडी कामगार आहेत, तुम्हाला माहितीये. सातारा, पाटण, सांगलीकडून माणसं मुंबईच्या बाजारात आली, डोक्यावर आणि पाठीवर पोती वाहिली. अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली, १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला, पुढे घाऊक बाजार वाशी-तुर्भ्याला आला आणि माथाडी वसाहती इथे उभ्या राहिल्या. मालाच्या वजनाबरोबर माणसाच्या पीएफचाही हिशोब ठेवायला लावणारा हा कायदा आहे. हा इतिहास नाही तर काय?

पण स्नेहसंमेलनात हमाल कोणी बनत नाही. राजा, राणी, सैनिक, पुढारी, एवढीच सोंगं ठरलेली. एखाद्या सरांनी डोक्यावर चुंबळ ठेवून वर्गात यावं ना एकदा! निम्मा वर्ग ती ओळखेल. कोणीतरी म्हणेल, ‘सर, अशी नाही ठेवत, माझे आजोबा वेगळी ठेवतात.’ त्या दिवशी शिकवेल ते पोरगं आणि शिकतील सर. आणि त्याच्या घरातलं आयुष्य पुस्तकात बसण्याइतकं महत्त्वाचं आहे, हे त्याला पहिल्यांदा कोणीतरी सांगितलेलं असेल.

तर मंडळी, या आठवड्याचं काम. घरातल्या थोरल्या माणसांना विचारा, ते कामाला जाताना काय घालायचे, सोबत काय न्यायचे आणि का. रेकॉर्ड करा, व्हॉइस नोट पाठवा. चांगल्या नोट्स पुढच्या एपिसोडला ऐकवू. आणि तुमच्या शाळेत कुणी वेश करून शिकवलं असेल, तर तेही सांगा. भेटू पुढच्या रविवारी!