जाड टाक्याचं कूळ

लंडनच्या नॅशनल गॅलरीत मादाम द पॉम्पादूरचं एक भलंमोठं चित्र आहे. फ्रांस्वा-ह्यूबेर द्रुए या चित्रकाराने ते 1763 साली हाती घेतलं आणि पुढच्या वर्षी, ती वारल्यावर, पुरं केलं. फुलाफुलांचा झगा, बाह्यांवर लेसचे थर, जवळ बसलेला कुत्रा आणि पुढ्यात भरतकामाची चौकट. फ्रान्सच्या राजाची ही लाडकी मैत्रीण ज्या चौकटीवर काम करते आहे, त्यावर साध्या सुईने भरत नसत. कापड ढोलकीसारखं ताणून बसवायचं, आकडा असलेली बारीक सुई वरून खुपसायची, खालचा दोरा आकड्यात पकडून वर ओढायचा आणि त्या फासातून पुढचा फास काढायचा. कापडावर साखळी उमटत जाते. पॅरिसमध्ये या कामाची टूम निघाली ती 1760 च्या आगेमागे. साँ-ओबँ नावाच्या राजघराण्याच्या नक्षीकाराने 1770 साली भरतकामावर जो ग्रंथ छापला, त्यात या सुया आणि चौकटी चित्रांसकट दाखवल्या आहेत.

पॅरिसला ते नवं होतं. भूजच्या मोच्यांना हे सांगितलं असतं तर ते हसले असते. कच्छ-सौराष्ट्रातले मोची चामडं शिवायच्या आरीलाच आकडा काढून रेशमाची साखळी घालत होते. गुजरातचं असं साखळी-टाक्याचं भरतकाम सतराव्या शतकातच ईस्ट इंडिया कंपनीच्या गलबतांतून इंग्लंडला जाई आणि तिथल्या श्रीमंतांच्या पलंगांचे पडदे होई. हिंदुस्थान, इराण, तुर्कस्तान, चीन या पट्ट्यातून आकड्याची सुई पश्चिमेकडे गेली, असंच बहुतेक अभ्यासक धरून चालतात.

मग कुणीतरी कापडच काढून टाकलं. साखळीला कापडाचा आधार लागतो कशाला? फासातून फास, त्याच्या शेजारी आणखी फास, आणि हवेतल्या हवेत दोऱ्याचंच कापड तयार. क्रोशाची ही जन्मकथा सांगायला फार सुबक आहे आणि तिच्यात तथ्यही असावं. पण ती सगळी नाही.

लिस पालुदान या डॅनिश संशोधक बाईंनी क्रोशाच्या इतिहासाचा पिच्छा पुरवला. अरबस्तान, दक्षिण अमेरिका, चीन अशा तीन मुळांचे तर्क त्यांनी मांडले आणि तपासले, पण 1800 च्या आधीच्या युरोपात क्रोशे होतं असं ठामपणे म्हणायला त्यांना पुरावा सापडला नाही. दोन सुयांचं विणकाम केवढं जुनं! इजिप्तच्या कोरड्या मातीत मध्ययुगातले विणलेले मोजे मिळाले आहेत, तेही नक्षीचे. त्यापुढे क्रोशे म्हणजे कालचं पोर. मध्ययुगातल्या मठांत जोगिणी क्रोशे करत बसत, असं हौशी पुस्तकांतून वाचायला मिळतं, ते सोडून द्यावं.

दुसरी शाखा स्कॉटलंडची. एलिझाबेथ ग्रँट या बाईंच्या आठवणी 1898 साली, त्यांच्या मृत्यूनंतर, छापल्या गेल्या. त्यांत 1812 च्या सुमाराची एक नोंद आहे: एक म्हातारे गृहस्थ घरी कातलेल्या लोकरीचे थंडीचे कपडे स्वतःच विणत. या प्रकाराला मेंढपाळी विणकाम म्हणत, आणि त्यासाठीचा आकडा त्यांनी कासवाच्या पाठीच्या जुन्या फणीचा एक दात घेऊन घडवला होता. रेशीम नाही, चौकट नाही, दरबार तर नाहीच. मोडकी फणी आणि मेंढीची लोकर. यातून निघायचं ते कापड घट्ट, जाड आणि ऊबदार असे.

एकीकडे दरबारी बारीक साखळी, दुसरीकडे धनगरी जाड फास. क्रोशाचं पुढचं शतक बारीक साखळीच्या मागे धावण्यात गेलं. छापील नमुने पहिल्यांदा आले ते 'पेनेलोपे' या डच मासिकात, 1823 साली, आणि होते कशाचे, तर रेशमी बटव्यांचे. पांघरुणाचा विचार कुणाच्या डोक्यात नव्हता.

बारीक काम करताना एक अडचण मात्र पहिल्यापासून होती. दोन सुयांवर विणताना शेकडो फास एकाच वेळी सुईवर उघडे असतात. क्रोशात प्रत्येक टाका तिथल्या तिथे गाठल्यासारखा बंद होतो आणि सुईवर उरतो तो एकच फास. त्यामुळे टाका जाड होतो, दोरा जास्त खातो, आणि विणलेला तुकडा तेवढा झिरझिरीत पडत नाही. बॉबिनवर किंवा सुईवर केलेल्या खऱ्या लेसच्या शेजारी क्रोशाची लेस ठेवली की हा जाडपणा लगेच उघडा पडे. श्रीमंत घरांत क्रोशाला बरीच वर्षं गरिबाची लेस म्हणून नाकं मुरडली गेली.

या दोषाचं काय करायचं, ते आयर्लंडने शोधलं, आणि शोधलं ते पोटासाठी. 1845 पासून बटाट्याचं पीक कुजत गेलं आणि दुष्काळाने बेट रिकामं होऊ लागलं. कॉर्कजवळच्या ब्लॅकरॉकच्या मठात मुलींना क्रोशे शिकवलं जात होतंच. मोनाहन परगण्यातल्या क्लोन्स गावी तिथल्या पाद्र्याच्या पत्नीने, कॅसँड्रा हँड यांनी, 1847 साली क्रोशाचे वर्ग सुरू केले. व्हेनिसच्या सुईच्या लेसची नक्कल करायची आणि विकायची. मूळ लेसला महिनोन्‌महिने लागत, क्रोशाने ती कितीतरी लवकर होई. कामाची वाटणी व्हायची: एकीने गुलाब करायचे, दुसरीने पानं, तिसरीने सगळं जाळीत जोडायचं. याच काळात एलिओनोर रिएगो द ला ब्रँशार्दिएर या लंडनवासी बाईंनी नमुन्यांच्या पुस्तकांचा सपाटा लावला. सत्तरीच्या वर पुस्तकं त्यांच्या नावावर आहेत. आयरिश लेसचं जनकत्वही त्यांनी स्वतःकडे घेतलं. मठातल्या जोगिणींना आणि क्लोन्सच्या पोरींना ते किती पटलं असतं, हा प्रश्नच आहे.

व्हेनिसच्या लेसमध्ये फुलं जाळीवर उठून दिसत. तसा उठाव आणायला आयरिश बायका जाड सुताची दोरी आत धरून तिच्यावरून टाके घालू लागल्या. पाकळीच्या कडा फुगल्या. गुलाबाच्या एका पाकळीमागे दुसरी, मागच्या बाजूला अडकवून, असे दोन-तीन थर चढले. क्लोन्सची म्हणून ओळखली जाणारी गाठ तर जाळीतच बोराएवढी फुगते: लांब ओढलेल्या फासावर दोऱ्याचे वेढे द्यायचे आणि सगळे एकदम ओढून बंद करायचे. टाक्याचा जाडपणा लपवण्याऐवजी त्यालाच कामाला लावलं. आज पांघरुणावर जे फुगीर टाके दिसतात, त्यांचं आजोळ हे.

लोकरीत हे यायला आणखी थोडा वेळ लागला. मेरिनो मेंढीची मऊ लोकर जर्मनीत रंगवून 'बर्लिन वुल' या नावाने युरोपभर विकली जाऊ लागली. 1856 साली पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाला कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग सापडला आणि मग लोकरीच्या दुकानांत रंगांची जत्राच भरली. त्याच दशकात लांबलचक सुईने, सगळे फास सुईवर उचलून परत उतरवायची एक पद्धत आली, जिला आता ट्युनिशियन क्रोशे म्हणतात. ट्युनिशियाशी तिचा संबंध कुणाला दाखवता आलेला नाही. 1858 साली व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या मुलीचं प्रशियाच्या राजपुत्राशी लग्न झालं, तेव्हा हुशार प्रकाशकांनी या टाक्याला नव्या नवरीचं नाव देऊन टाकलं. गोणपाटाइतकं जाड कापड यातून निघे. अंगात घालायला ते जड, पण बग्गीत मांडीवर घ्यायला आणि पाळण्यात घालायला अगदी योग्य.

खुद्द व्हिक्टोरियालाही हा नाद होता. ऐंशी उलटल्यावर, बोअर युद्ध चालू असताना, तिने खाकी बर्लिन वुलचे आठ स्कार्फ क्रोशाने विणले आणि त्यांवर आपली आद्याक्षरं घातली. ते निवडक सैनिकांना शौर्याबद्दल देण्यात आले.

जाडपणाचं सोनं केलं ते अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या घरांनी. 'प्रेअरी फार्मर' हे पिकं, गुरं आणि बाजारभाव यांचं नियतकालिक. त्यात 1885 साली एका वाचक बाईंचा लोकरीच्या चौकोनाचा नमुना छापून आला: मधे कडं, भोवती तीन-तीन खांबांचे, म्हणजे उंच टाक्यांचे, झुबके, चार कोपरे, आणि प्रत्येक फेरीला उरलेली कुठलीही लोकर. असे चौकोन जोडत गेलं की पांघरूण. हाच तो 'ग्रॅनी स्क्वेअर', ज्याने पुढच्या मंदीत आणि महायुद्धांत जुने स्वेटर उसवून केलेली लोकर खपवली आणि 1970 च्या आसपास बनियनपासून पडद्यापर्यंत सगळीकडे धुमाकूळ घातला. त्यातले काही कपडे न झालेलेच बरे होते.

चौकोनाच्या पांघरुणात खेळ रंगांचा असतो. उठावाच्या पांघरुणात रंग एकच पुरतो, कारण काम सावली करते. त्यातला सगळ्यात सोपा प्रकार जवळून पाहण्यासारखा आहे. 121 साखळ्या घालायच्या. सुईपासून दुसऱ्या साखळीत एक बुटका टाका, ज्याला आपल्याकडे मुका खांब म्हणतात. त्याच्या शेजारी एक उभा खांब. परत मुका, परत खांब. ओळ 120 टाक्यांची होते आणि खांबावर संपते. एक साखळी घालून काम उलटायचं. आता गंमत अशी की मुका खांब उंच खांबाच्या डोक्यावर बसतो आणि खांब मुक्याच्या. उंच टाक्याला शेजारचे दोन बुटके दाबून धरतात, त्याला सरळ उभं राहायला जागा मिळत नाही, म्हणून तो पुढे झुकतो. पाच-सहा ओळींनंतर हात फिरवला की बारीक खडे लागतात. लिंबाच्या सालीवरून या विणीला नाव पडलं आहे. दोन्ही बाजू सारख्याच दिसतात, त्यामुळे उलटं-सुलटं बघायला नको. बाळाच्या दुपट्याएवढ्या कामाला मध्यम लोकर तीनेकशे ग्रॅम लागते आणि पाच मिलिमीटरची सुई. कडा वाकडी झालीच तर बहुधा ओळीतला शेवटचा खांब घालायचा राहिलेला असतो.

याहून ठसठशीत उठाव हवा असेल तर एकाच जागी पाच खांब अर्धवट ठेवून एकदम बंद करतात, की गोळा वर येतो. किंवा सुई टाक्याच्या डोक्यात न घालता खालच्या ओळीतल्या खांबाच्या कमरेभोवतून घालतात. खांब पुढे येतो आणि उभी धार तयार होते. अशा धारा एकमेकींवरून नेल्या की दोन सुयांच्या स्वेटरवर असतात तसे वेणीचे पेड पडतात. आयर्लंडच्याच अरान बेटांवरचे स्वेटर जगभर गाजल्यावर क्रोशेवाल्यांनी ते पेड या युक्तीने उचलले. पुन्हा नक्कल, आणि पुन्हा तीच अडचण: पांघरूण वजनदार होतं आणि लोकर ढीगभर लागते. खऱ्या लोकरीत ते खर्चिक पडे. 1950 साली ड्यू पाँट कंपनीने ॲक्रिलिकचा धागा कारखान्यातून काढायला सुरुवात केली, तो स्वस्त होता, धुता येत होता आणि त्याला कसर लागत नव्हती. घरोघरी सोफ्यावर क्रोशाची पांघरुणं पडली ती त्यानंतर.

भारतात क्रोशे शिरलं ते पुन्हा बारीक दोऱ्याच्या वाटेने. गोदावरी नाशिकजवळ उगम पावून जिथे समुद्राला मिळते, त्या आंध्रातल्या त्रिभुज प्रदेशात मिशनऱ्यांच्या बायकांनी एकोणिसाव्या शतकात धर्मांतरित गरीब बायकांना लेस शिकवली. नरसापूरची लेस तिथून जगाच्या बाजारात गेली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1982 साली या कामावर पुस्तक लिहिलं. दिवसाचे कित्येक तास सुई चालवणाऱ्या, परदेशी बाजारासाठी माल तयार करणाऱ्या या बायका सरकारी नोंदीत 'गृहिणी' होत्या आणि मजुरी म्हणून त्यांच्या हाती चिल्लर पडे. 2024 साली या लेसला भौगोलिक मानांकन मिळालं.

महाराष्ट्रात क्रोशे म्हणजे दारावरचं तोरण, देव्हाऱ्यातलं आसन, रेडिओवरचा आणि मग टीव्हीवरचा रुमाल, पाण्याच्या तांब्यावरचं मणी लावलेलं झाकण. डीएमसी कंपनीच्या दोऱ्याची गुंडी जपून वापरली जाई. पांघरायला गोधडी होती, आणि मुंबई-कोकणच्या हवेत लोकरीचं पांघरूण घेणार कोण? लोकर यायची ती बाळंतविड्यापुरती, टोपडं आणि मोजे यांच्यासाठी. लुधियानाचे ॲक्रिलिकचे गुंडे गल्लीतल्या दुकानात मिळू लागले, घरात पंख्याच्या जागी एसी आला, आणि मोबाइलवर टाका सावकाश दाखवणारे व्हिडिओ आले, तेव्हा हातभर जाड पांघरुणाला इथेही निमित्त मिळालं. व्हिडिओ बघताना एक खबरदारी घ्यावी लागते: जुन्या ब्रिटिश पुस्तकांतला 'डबल' तो अमेरिकेतला 'सिंगल'. हे लक्षात न आल्यामुळे ठरल्यापेक्षा दीडपट लांबीची दुपटी झालेली आहेत.

दोन सुयांचं विणकाम यंत्रांनी केव्हाच गिळलं. दुकानात टांगलेला स्वेटर बहुधा यंत्राचाच असतो. क्रोशाचा प्रत्येक टाका मात्र आधीच्या टाक्यात सुई घालून तिथेच बंद करावा लागतो, आणि ती जागा शोधणं यंत्राला अवघड जातं. प्रयोगशाळांत काही नमुना-यंत्रं झाली आहेत, पण बाजारात मिळणारा खरा क्रोशाचा माल अजून हातचाच आहे. तो पाचशे रुपयांत मिळत असेल तर विणणारीला त्यातले किती मिळाले, हा हिशेब नरसापूरच्या वेळेसारखाच करावा लागतो.

हौसेचा हिशेब वेगळा. चेन्नईच्या 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या गटाने 31 जानेवारी 2016 रोजी क्रोशाच्या सगळ्यात मोठ्या पांघरुणाचा विश्वविक्रम केला. देशातून आणि देशाबाहेरून बायकांनी साधारण मीटर-मीटरभराचे चौकोन विणून पाठवले. सगळे जोडून मोजले, तेव्हा क्षेत्रफळ 11,148.5 चौरस मीटर भरलं. एवढं पांघरूण घेणार कोण, हे त्यांनी आधीच ठरवलेलं होतं: मोजणी झाली की जोड सोडायचे आणि सुटी पांघरुणं गरजूंना द्यायची.