वाचनाचा जमाखर्च

विद्यार्थ्यांनी काय वाचावे, हे सांगणारांची आपल्याकडे कधीच वाण नव्हती. वाचून झाल्यावर त्या वाचनाचे काय करावे, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. कॉलेजातल्या एखाद्या हुशार मुलाला सुटीनंतर ‘काय वाचलेस?’ असे विचारावे, तर तो दहा पुस्तकांची नावे धडाधड सांगतो. परंतु ‘त्यांपैकी तुला न पटलेले असे काय होते, आणि ते का पटले नाही?’ असे पुढे विचारले की तो गोंधळून जातो. अशा वेळी मला अठराव्या शतकातील एका विद्यार्थ्याची हटकून आठवण होते. त्याचे नाव एडवर्ड गिबन. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहासकार म्हणून जग त्याला ओळखते. परंतु येथे त्या इतिहासाचा विचार करावयाचा नाही. तो लिहिण्याची पात्रता येण्यापूर्वी या मुलाने आपल्या वाचनाचा हिशेब कसा ठेविला, आणि तो ठेवावयास शिकण्यापूर्वी त्याला कोणती किंमत द्यावी लागली, एवढेच पाहावयाचे आहे.

गिबनचा जन्म १७३७ साली लंडनजवळच्या पटनी या गावी झाला. त्याची सर्व भावंडे तान्हेपणीच दगावली, आणि हा मुलगाही इतका रोगट होता की तो जगेल अशी आशा थोड्यांनाच होती. आई लहानपणीच वारली. कॅथरिन पोर्टेन नावाच्या मावशीने त्याचा सांभाळ केला, आणि अंथरुणाला खिळलेल्या भाच्याच्या हाती पुस्तके दिली. कवी पोप याने इंग्रजीत आणलेला होमर आणि अरबी भाषेतील सुरस गोष्टी हे त्याचे पहिले सोबती. शाळा तुटक तुटक झाली. वाचन मात्र अखंड चालले. १७५१ साली स्टाउरहेड येथे एका सधन गृहस्थाच्या घरी तो वडिलांबरोबर गेला असता तेथील ग्रंथालयात एकर्ड याच्या रोमन इतिहासाचा उत्तरभाग त्याला सापडला. गॉथ लोक डॅन्यूब नदी ओलांडीत आहेत, अशा ठिकाणी मुलगा रंगून गेला होता. इतक्यात जेवणाची घंटा झाली, आणि त्याला नाइलाजाने पुस्तक मिटावे लागले. पोट भरले, पण दुसरी भूक वाढली. सोळावे वर्ष लागण्यापूर्वीच अरब, इराणी, तार्तर आणि तुर्क यांच्याविषयी इंग्रजीत जे मिळण्यासारखे होते ते बहुतेक त्याने वाचून टाकले.

असा हा मुलगा ३ एप्रिल १७५२ रोजी ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजात दाखल झाला. त्याला पंधरावे वर्षही पुरे झाले नव्हते. घराणे सधन, म्हणून अंगावर रेशमी झगा, डोक्यावर मखमली टोपी, राहावयास तीन खोल्या, आणि हाती एका मोठ्या ग्रंथालयाची किल्ली. उणीव एवढीच, की त्याला विचारणारे कोणी नव्हते. पहिले गुरू विद्वान आणि सज्जन होते. ते त्याच्याबरोबर टेरेन्सची लॅटिन नाटके वाचीत. एक दिवस मुलगा गैरहजर राहिला आणि त्याने सबब सांगितली. ती हसतमुखाने मान्य झाली. मग सबबी वाढत गेल्या, आणि पाठ बंद पडला. दुसरे गुरू तर वेतनापुरतेच गुरू होते. त्या वर्षाच्या सुटीत मुलाने प्राचीन इजिप्तचा राजा सेसॉस्ट्रिस याच्या काळाविषयी एक ग्रंथ लिहावयास घेतला. तो कोणी पाहिला नाही, सुधारला नाही. अर्धवट राहिलेले ते कागद त्याने १७७२ साली जाळून टाकले.

गिबनने पुढे आत्मचरित्रात ऑक्सफर्डची फार कडक शब्दांत संभावना केली आहे. त्यातील काही भाग रागाचा म्हणून सोडून द्यावा हे बरे. कारण त्याच विद्यापीठात १७५३ साली ब्लॅकस्टन याने इंग्लंडच्या कायद्यावर आपली सुप्रसिद्ध व्याख्याने सुरू केली. तथापि १७४० ते १७४६ या काळात तेथे शिकलेल्या अ‍ॅडम स्मिथनेही तेथील अध्यापकांच्या आळसाविषयी १७७६ साली तीच तक्रार केली आहे, तेव्हा ती अगदीच निराधार म्हणता येत नाही.

विचारणारे कोणी नसले म्हणजे वाचन कोणत्या आडरानात जाते, हे लौकरच दिसून आले. मिडल्टन नावाच्या लेखकाने ख्रिस्ती धर्माच्या आरंभीच्या शतकांत घडले असे मानलेल्या चमत्कारांवर शंका घेतली होती. गिबनने ते पुस्तक वाचून नेमका उलटा निष्कर्ष काढला: ते चमत्कार खोटे म्हणवत नाहीत, आणि कॅथलिक पंथाचे मुख्य आचार त्याच काळात रूढ झालेले दिसतात; अर्थात ते आचारही खरेच असले पाहिजेत. त्यावर फ्रेंच धर्मपंडित बॉस्सुए याचे ग्रंथ हाती पडले, आणि मुलगा पुरता वाहून गेला. ८ जून १७५३ रोजी त्याने लंडनमध्ये गुपचूप कॅथलिक पंथाची दीक्षा घेतली. त्या काळच्या इंग्लंडात ही गोष्ट लहान नव्हती. विद्यापीठाची दारे बंद झाली. सरकारी मानमरातबाची आशा संपली. वडील संतापाने लाल झाले. सोळा वर्षांच्या मुलाचे सारे आयुष्य दोन-तीन पुस्तकांनी उलटेपालटे करून टाकले! पुस्तके वाईट नव्हती. त्यांच्याशी दोन हात करण्याची तयारी वाचकापाशी नव्हती.

वडिलांनी त्याला शिक्षा म्हणून स्वित्झर्लंडमधील लोझान या गावी पाव्हियार नावाच्या कॅल्विनपंथी धर्मोपदेशकाच्या घरी पाठविले. ३० जून रोजी तो तेथे पोचला. मॉडलिनमधल्या तीन खोल्या गेल्या. अरुंद गल्लीतले जुने घर, बेचव जेवण, हातात मोजका पैसा, आणि भोवती न समजणारी फ्रेंच भाषा, अशी अवस्था झाली. पण या घरात त्याला ऑक्सफर्डमध्ये न मिळालेली एक वस्तू मिळाली. ‘हे तू कशावरून म्हणतोस?’ असे शांतपणे विचारणारा माणूस भेटला. पाव्हियार हा काही मोठा पंडित नव्हता. पण तो घाई करीत नसे आणि धाकही दाखवीत नसे. त्याच्या देखरेखीखाली गिबनने द क्रूझाज याचे तर्कशास्त्र वाचले, आणि ते शस्त्र त्याने आपल्याच नव्या मतांवर चालवून पाहिले. प्रसादाच्या भाकरीचे देहात रूपांतर होते या मताला आधार असलेले वचन आपण केवळ डोळ्यांनी वाचतो. उलट ते रूपांतर झाले नाही अशी साक्ष डोळा, स्पर्श आणि जीभ अशी तीन इंद्रिये देतात. हा मुद्दा त्याचा त्यालाच सुचला, आणि त्याचा त्याला हर्ष झाला. १७५४ सालच्या नाताळात तो पुन्हा प्रॉटेस्टंट झाला. यात कोणता पंथ खरा, हा प्रश्न आपल्यापुढे नाही. पहिले मतांतर एका झपाट्यात झाले. दुसऱ्याला दीड वर्ष लागले. या दीड वर्षात तो वाचावयास शिकला, असे मला वाटते.

यापुढचे त्याचे वाचन म्हणजे एखाद्या दक्ष व्यापाऱ्याची खतावणीच होय. सिसेरोचे एक पत्र घ्यावयाचे आणि त्याचे फ्रेंचमध्ये भाषांतर करावयाचे. ते बाजूला ठेवावयाचे. मूळचे शब्द विसरल्यावर त्या फ्रेंचवरून पुन्हा लॅटिन करावयाचे, आणि मग सिसेरोच्या वाक्याशेजारी आपले वाक्य ठेवून आपली तूट कोठे आली ते पाहावयाचे. १७५६ च्या जानेवारीपासून सत्तावीस महिन्यांत त्याने इतिहासकार, कवी, वक्ते आणि तत्त्वज्ञ अशा चार वर्गांत लॅटिन वाङ्मय क्रमाने वाचून काढले. टॅसिटस, व्हर्जिल, होरेस यांची तर दोन-दोन, तीन-तीन पारायणे केली. तत्त्वज्ञ लॉक याने सांगितलेल्या पद्धतीने त्याने उताऱ्यांची एक जाडी वहीही घातली. परंतु नुसत्या नकला उतरण्याचा फारसा उपयोग नाही, असे त्याचे पुढे मत झाले. हा भेद ध्यानात ठेवण्यासारखा आहे. दुसऱ्याचे वाक्य वहीत उतरून घेणे ही केवळ जमा. त्यावर आपण काय विचार खर्च केला, हे नोंदल्याशिवाय खाते पुरे होत नाही.

ही नोंद फार काळ खासगी राहिली नाही. लिव्हीच्या इतिहासातील एका वाक्याचा अर्थ लागत नव्हता. विशीतल्या गिबनने एका शब्दात एक अक्षर बदलून पाहिले, आणि हा पाठ पॅरिसमधील लिव्हीचा संपादक प्राध्यापक क्रेव्हिए यास पत्राने कळविला. त्या वृद्ध पंडिताने परक्या देशातील अनोळखी पोराची सूचना आदराने मान्य केली. असेच पत्रव्यवहार त्याने झुरिच आणि गॉटिंगेन येथील विद्वानांशीही केले. वाचलेल्या पुस्तकावर आपले मत जाणत्या माणसापुढे मांडावे आणि त्याच्या उत्तराला तयार राहावे, ही सवय त्याला येथे लागली.

१७५८ साली तो स्वदेशी परतला. नवे पुस्तक हाती आले की तो त्याची रचना वरवर पाही, आणि लगेच ते मिटून एकटाच फिरावयास जाई. या विषयाचे आपल्याला काय ठाऊक आहे आणि आपले मत काय आहे, याची आधी मनाशी उजळणी करी, आणि मगच वाचावयास बसे. शिल्लक किती होती हे माहीत असल्यावाचून भर किती पडली हे कसे कळणार? १७६० ते १७६२ या काळात हँपशायरच्या पलटणीत कप्तान म्हणून गावोगाव हिंडतानाही होरेस त्याच्या खिशात असे, आणि १७६१ पासून तो रोजनिशीत वाचनावरील मते लिहीत असे. १७६८ आणि १७६९ साली तर त्याने लोझानचा जुना मित्र डेव्हरदन याच्या साह्याने इंग्लंडातील नव्या ग्रंथांवर फ्रेंच भाषेत परीक्षणे लिहून ती दोन खंडांत प्रसिद्ध केली. तो उद्योग पुढे टिकला नाही. पण दुसऱ्यांचे ग्रंथ न्यायबुद्धीने तोलण्याची ही तालीम वाया गेली नाही. १७७६ साली त्याच्या इतिहासाचा पहिला खंड बाहेर पडला, तेव्हा त्याच्या टीपांत शेकडो ग्रंथकारांना योग्य ते माप मिळालेले लोकांनी पाहिले.

यावर कोणी म्हणेल की गिबनला पोटाची विवंचना नव्हती. आमच्या मुलांना परीक्षा आहेत, नोकरी आहे, घरची ओढाताण आहे. हे खरे आहे, आणि सगळेच विद्यार्थी गिबन होणार नाहीत हेही खरे. परंतु लोझानला त्याच्यापाशी श्रीमंती नव्हती. श्रीमंती होती ती ऑक्सफर्डला, आणि तेथेच तो बुडाला. एक वही, एक फेरफटका आणि प्रामाणिकपणे विचारणारा एक मनुष्य, एवढेच भांडवल त्याला कामी आले. ते महाग नाही. आपल्या पूर्वजांनी श्रवणापुढे मनन आणि मननापुढे निदिध्यासन सांगितले ते याच हेतूने. आम्हा अध्यापकांनाही यात एक बोच आहे. मुलगा गैरहजर राहिला तर आम्ही हजेरीपटावर खूण करतो. तो वाचून काय झाला, हे विचारावयास मात्र विसरतो.

२७ जून १७८७ च्या रात्री गिबनने आपल्या इतिहासाचे शेवटचे पान लिहून लेखणी खाली ठेविली. तेव्हा तो लोझान येथेच, त्याच डेव्हरदनच्या घरच्या बागेत होता. वडिलांनी ज्या गावी त्याला शिक्षा म्हणून पाठविले होते, तेथे तो चार वर्षांपूर्वी आपखुशीने राहावयास गेला होता.