जुन्या कपड्याची किंमत : बुलढाण्यातून पाहिलेला एक इतिहास

आजचा विषय जाहीर झाल्यावर काही श्रोत्यांनी विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानात जुने कपडे कुठून आले? आपल्या जिल्ह्यात सिंदखेड राजा आहे, लोणार आहे, शेगाव आहे. विषय संपले का? संपले नाहीत. पण हा विषय आमच्या मानगुटीवर बसला तो एका प्रश्नामुळे.

बुलढाण्यात आम्ही काही जण रविवारी जुन्या कपड्यांच्या एका लहानशा दुकानात स्वयंसेवक म्हणून बसतो. लोक घरचे वापरलेले कपडे आणून देतात. आम्ही ते निवडतो, बटणं लावतो, इस्त्री करतो आणि दहा, वीस, तीस रुपयांना विकतो. जमणारा पैसा मुलांच्या वह्यापुस्तकांना जातो. आणि दर रविवारी कुणीतरी विचारतंच : "अहो, गरिबांना द्यायचे ना, मग पैसे कशाला घेता? फुकट वाटून टाका!" सुरुवातीला आम्ही हिशेब सांगायचो. भाडं इतकं, विजेचं बिल इतकं. हळूहळू लक्षात आलं, की उत्तर हिशेबात नाही, इतिहासात आहे. ते उत्तर आज आपण शोधू.

सुरुवात घरातून करू. आपला मुलूख कापसाचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळात, वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी भाव आला. जलंबपासून खामगावपर्यंतचा रेल्वेचा फाटा १८७० साली सुरू झाला, तो या कापसासाठीच. इथला कापूस मुंबईला, तिथून विलायतेला जायचा आणि गिरणीचं कापड होऊन परत यायचा. पिकवणाऱ्याच्या अंगावर मात्र कापड कमीच. त्यामुळे धडुतं टाकून द्यायची रीत आपल्याकडे नव्हती. आईचं लुगडं विरलं की मऊ भागाचं बाळाला झबलं आणि दुपटं, उरलेल्याची गोधडी, गोधडी फाटली की पोतेरं. बाळाला पहिल्यांदा नवं न घालता जुनंच घालायचं, हेही अनेक घरांत पाळलं जायचं. जुनं मऊ असतं, हे एक कारण. घरातल्या कुणाच्या तरी अंगाची माया त्यात असते, हे दुसरं.

म्हणजे कपड्यात माणूस शिल्लक राहतो, अशी आपली समजूत. तिची दुसरी बाजूही याच जिल्ह्यात दिसते. पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांच्या दर्ग्यावर होळीच्या सुमारास मोठी यात्रा भरते. तिथे नारळांची होळी होते आणि अनेक भाविक अंगावरचे जुने कपडेही टाकून देतात, दुखणं आणि पीडा त्यांच्याबरोबर जावी म्हणून. मायेनं दिलं तर जुनेरं आशीर्वाद होतं आणि टाकून दिलं तर पीडा. कापड तेच असतं, फरक ते कोण कुणाला कसं देतं याचा. हे सूत्र लक्षात ठेवा.

आता घराबाहेर पडू. गावगाड्यात जुनं कापड वरून खाली जात असे, आणि ते कुणाकडे जाणार हे जातीनं ठरलेलं असे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मृतांची वस्त्रं वापरावीत असा नियमच सांगितला आहे. आणि हे नुसतं पोथीत राहिलं नाही. महाराष्ट्रात महारांच्या 'हक्कां'मध्ये मढ्यावरचं कापड मोजलं जाई. शब्दाची गंमत पाहा, त्याला म्हणायचं हक्क! उष्टं अन्न, मेलेलं जनावर आणि मढ्यावरचं कापड एकाच यादीत. ज्याला हे मिळायचं त्याला नाही म्हणायची सोय नव्हती.

देऊळगाव राजा तालुक्यातलं मेहुणा राजा हे संत चोखामेळ्यांचं जन्मगाव मानलं जातं. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून ते गेले, ती परंपरेनं सांगितलेली तारीख १३३८ सालची. देवळाच्या पायरीच्या आत पाऊल नाही आणि गावाचं ओझं मात्र अंगावर, अशी त्यांची अवस्था. उतरलेलं कापड स्वीकारणं हा त्या ओझ्याचाच एक भाग होता.

म्हणून डिसेंबर १९२७ मधली महाडची सत्याग्रह परिषद आपल्या विषयात फार महत्त्वाची. मनुस्मृतीचं दहन आपल्याला आठवतं. पण त्याच परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांशी वेगळं बोलले, आणि ते मुख्यतः कपड्यांविषयी होतं. अस्पृश्य म्हणून ओळख पटवणारी लुगडं नेसायची पद्धत आणि तसले दागिने सोडा. कपडा फाटका असला तरी चालेल, पण स्वच्छ ठेवा. काय नेसायचं हे दुसऱ्या कुणी ठरवायचं नाही, असा त्याचा आशय. तिथल्या बायकांनी लगेच लुगडं नेसण्याची पद्धत बदलली, अशी नोंद आहे. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंचा समुदाय पांढरी वस्त्रं नेसून जमला, त्यात विदर्भातल्या गावागावांतली माणसं होती. उतरलेल्या कापडापासून स्वतः निवडलेल्या कापडापर्यंतचा हा प्रवास आहे. आमच्या दुकानात एखादी आजी कपडा हातात घेते आणि आधी उलटासुलटा करून बघते, "कुणाचा आहे?" असं विचारते, तेव्हा त्या प्रश्नामागे हा सगळा इतिहास उभा असतो. तिला संशयी म्हणू नका.

मंडळी, आता दुष्काळाकडे येऊ. १८९९-१९०० चा दुष्काळ वऱ्हाडला फार जड गेला. १८९१ आणि १९०१ या दोन खानेसुमारींच्या मध्ये वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे पाच टक्क्यांनी घटली. त्या वेळी सरकारी कामांच्या जोडीला लोकवर्गणीचा एक दुष्काळ निधी होता. त्याची चार उद्दिष्टं ठरवलेली होती : कपड्यालत्त्यासारखी जादा मदत, अनाथ मुलांचा सांभाळ, गरीब पण अब्रूदार लोकांना मदत, आणि सर्वस्व गेलेल्यांना पुन्हा उभं करणं.

यातलं तिसरं कलम नीट बघा. खडी फोडायला चारचौघांत जाता येत नाही, हात पसरता येत नाही, म्हणून घरात उपाशी मरणारी माणसं आहेत, हे त्या निधीनं मान्य केलं. मदत असते, पण तिच्यापर्यंत जायला लाज आडवी येते, ही गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वी कागदावर आलेली आहे. फक्त तेव्हा 'अब्रूदार' कोण हे ठरवताना वरची घरंच डोळ्यांपुढे होती. खडी फोडणारीलाही अब्रू असते, हे मान्य व्हायला अजून वेळ होता.

ते मान्य करायला लावणाऱ्यांत आपल्या वऱ्हाडचा एक माणूस होता. गाडगेबाबा. जन्म १८७६, शेंडगाव, अमरावती जिल्हा. अंगावर ठिगळांची गोधडी, हातात खराटा. चिंध्या पांघरणारे साधू पुष्कळ झाले, पण बाबांनी त्या चिंध्यांचा अर्थ बदलला. स्वतः चिंध्या नेसून ते इतरांना धडका कपडा मिळावा म्हणून झटले. उघड्यानागड्यांना वस्त्र हे त्यांच्या दशसूत्रीतलं एक कलम. आणि देताना ते देणाऱ्याला उंच बसवत नसत. आधी गाव झाडायचं, मग कीर्तन. आमच्या मते स्वयंसेवक या शब्दाचा वऱ्हाडी अर्थ तिथे सापडतो. सेवा करणाऱ्यानं घेणाऱ्यापेक्षा खाली उभं राहायचं.

शहरगावात जुन्या कपड्याचा आणखी एक मार्ग होता, तो म्हणजे बोहारीण. डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्यावर गाठोडं. दोन साड्या आणि एक पँट दिली की स्टीलचा डबा. या व्यवहारात घासाघीस भरपूर, उपकार शून्य. तिनं नेलेले कपडे दुरुस्त होऊन, धुऊन पुन्हा बाजारात यायचे आणि मजूर माणूस ते रोख देऊन घ्यायचा. बोहारणीला आपण दारात उभं केलं, पाणीसुद्धा क्वचित विचारलं. पण जुन्या कपड्याला किंमत लावून घेणाऱ्याला गिऱ्हाईक करण्याचं काम समाजसेवकांच्या किती आधी तिनं केलं!

जगात काय चाललं होतं? १८९० साली इंग्लंडमध्ये साल्वेशन आर्मीचे संस्थापक विल्यम बूथ यांनी एक योजना मांडली : घराघरांतल्या टाकाऊ वस्तू गोळा कराव्यात, बेकारांच्या हातून दुरुस्त कराव्यात आणि विकाव्यात. पुढे १९४२ मध्ये ऑक्सफर्ड शहरात ग्रीसमधल्या उपासमारीसाठी एक समिती निघाली, तीच आजची ऑक्सफॅम. तिनं १९४७ च्या अखेरीस ब्रॉड स्ट्रीटवर दुकानासाठी जागा घेतली. लोकांनी दिलेले कपडे आणि वस्तू तिथे विकल्या जाऊ लागल्या. काउंटरवर पगारी माणसं थोडी, स्वयंसेवक जास्त. याच संस्थेची मदत १९५१ मध्ये बिहारच्या दुष्काळात भारतात आली.

पण एक फरक ध्यानात घ्या. तिकडे दुकानात कपडा घेणारा एक आणि त्या पैशातून मदत मिळणारा दुसरा, तोही बहुधा हजारो मैल दूर. आपल्याकडे कपडा घेणारा हाच बहुतेक वेळा गरजू असतो. म्हणून तिकडचं दुकान उचलून इकडे ठेवता येत नाही. आपल्याला आपली रीत शोधावी लागते.

ती शोधणाऱ्यांत 'गूंज' ही संस्था महत्त्वाची. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये दिल्लीत घरातल्या ६७ कपड्यांपासून सुरुवात केली. २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गूंजनं पद्धत अशी बसवली, की गावानं विहीर खोदावी, रस्ता नीट करावा आणि मोबदल्यात कपडे घ्यावेत. म्हणजे कपडे कष्टाचे झाले.

त्याच २०१५ च्या हिवाळ्यात इराणमधल्या मशहद शहरात कुणीतरी एका भिंतीला खुंट्या ठोकल्या : नको ते अडकवा, हवं ते न्या. पुढच्या वर्षभरात ही कल्पना महाराष्ट्रात 'माणुसकीची भिंत' या नावानं पोचली आणि विदर्भातही ठिकठिकाणी अशा भिंती उभ्या राहिल्या. कल्पना सुंदर. देणारा-घेणारा समोरासमोर येत नाही, उपकाराचं ओझं नाही. पण भिंतीला माणूस लागतो. निवडणारं कुणी नसेल तर पंधरा दिवसांत तिथे फाटक्या चपला आणि एकेकटे मोजे उरतात, पाऊस आला की सगळ्याचा चिखल होतो. शिवाय भर चौकात उभं राहून कपडे चाळायचे, हे तरुण मुलीला जमत नाही. ते तिसरं कलम इथे पुन्हा आडवं येतं.

आता आमची एक चूक सांगतो. सुरुवातीला आम्हीही फुकट वाटायचो, आणि वाटताना फोटो काढायचो. एका माऊलीनं फोटोच्या वेळी लेकराचं तोंड आपल्या पदरात दडवलं. तिनं तोंडानं काही म्हटलं नाही, पण आम्हाला समजायचं ते समजलं. मग वाटप बंद केलं, फोटो बंद केले आणि दुकान मांडलं. दुकानात एक आरसा लावला आणि पडदा टाकून कपडे घालून बघायची जागा केली. यायला जास्त माणसं लागली, कमी नाही. आणि एके दिवशी शेतमजुरीला जाणारी एक बाई वीस रुपयांचा शर्ट हातात धरून म्हणाली, "वीस नाही, पंधराले देता काय?" आम्हाला इतका आनंद झाला! फुकट मिळणाऱ्या वस्तूत कुणी घासाघीस करत नाही. ती गिऱ्हाईक झाली होती. तिला शर्ट पंधराला दिला.

म्हणून स्वयंसेवकाचं खरं काम काउंटरवर बसणं नाही, ते निवडण्याचं आहे. आलेल्या गाठोड्यातला मोठा भाग विकण्याजोगा नसतो. डाग पडलेला, चेन तुटलेली, नाडा नसलेला कपडा पुढे ठेवायचा नाही. तो पुसायच्या फडक्यात किंवा गोधडीत जातो. असा कपडा 'गरिबांना काय, चालेल' म्हणून पुढे ढकलला, की आपण मढ्यावरच्या कापडाच्या त्या जुन्या यादीत परत जातो. फक्त पावती आधुनिक असते.

किंमत लावणं हा सर्वत्र लागू होणारा नियम आहे, असं आम्ही म्हणत नाही. घर जळालं, नदीच्या पुरात संसार वाहून गेला, अशा वेळी दहा रुपये मागणं हा निर्दयपणा होईल. तेव्हा द्यायचंच, तेही दारात नेऊन, नाव न विचारता. एरवी मात्र घेणाऱ्याला निवडता आलं पाहिजे, नाकारता आलं पाहिजे आणि भाव करता आला पाहिजे. दहा-वीस रुपये या तीन गोष्टींसाठी आहेत.

तेव्हा पुढच्या वेळी कपाट आवरून गाठोडं बांधाल, तेव्हा बटणं तपासा, खिसे उलटे करून बघा, कपडा धुऊन घडी करून द्या. आणि एखादा रविवार मोकळा असेल तर निवडायला बसा. काम चार तासांचं आहे, मान मोडून येते, पण जुन्या कपड्यातून आपला इतिहास जितका दिसतो तितका पुस्तकात दिसत नाही.

इथे थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.