पडलेले चित्रपट आणि समकालीन टीकाकार : एक उपेक्षित साधन

इतिहाससाधनांचा संग्रह करणाऱ्या मंडळींची दृष्टी दप्तरे, रुमाल, पोथ्या आणि शिलालेख ह्यांवर खिळलेली असते, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या वस्तू आपल्या आजोबांच्या हयातीत निर्माण झाल्या व वडिलांच्या हयातीत नाहीशा झाल्या, त्यांच्या साधनांची चौकशी कोणी करावयाची, हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा राहिलेला नाही. मूक चित्रपट हे त्याचे ठळक उदाहरण होय. १९१२ पासून १९३४ पर्यंत हिंदुस्थानात सुमारे तेराशे मूकपट निघाले. त्यांपैकी अवशिष्ट राहिलेल्यांची संख्या तीसच्या आसपास असून तेही बहुतेक खंडित आहेत. दप्तरांना वाळवी लागली म्हणून आपण हळहळतो. पण हे प्रमाण पाहिले म्हणजे वाळवी पुष्कळच दयाळू म्हणावी लागते.

ह्या नाशाची कारणे गूढ नाहीत. त्या काळची फीत नायट्रेटची असे. ती उष्णतेने पेट घेते, आणि पेट न घेतली तरी काही दशकांत चिकट होऊन अखेर तिची भुकटी होते. शिवाय तिच्यात चांदी असल्यामुळे चालेनाशा झालेल्या प्रती चांदी काढण्याकरिता मोडीत विकल्या जात. पुण्यास १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले तोपर्यंत बहुतेक मूकपट कालवश झाले होते, आणि जे जमा झाले त्यांतल्याही काही नायट्रेट प्रती २००३ च्या आगीत गेल्या. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी की, जो चित्रपट लोकांस आवडला त्याची निदान आख्यायिका तरी उरते. जो पडला त्याच्या प्रती मुळातच थोड्या, त्या लवकर मोडीत निघालेल्या, आणि त्याची आठवण सांगण्याची हौस ना निर्मात्यास ना नटास. अशा चित्रपटासंबंधी जर काही लेखी पुरावा असेल तर तो बहुधा त्याची निंदा करणाऱ्या टीकाकाराचा. प्रस्तुत लेखात आम्हांस एवढेच प्रतिपादावयाचे आहे की, हा निंदक साक्षीदार म्हणून स्तुतिपाठकाहून अधिक उपयोगी आहे, आणि त्याची जबानी ज्या कागदांवर आहे ते कागद आमच्या देखत रद्दीत चालले आहेत.

हा विचार घोटीस बसून करण्यास एक कारण आहे. नाशकाच्या नैर्ऋत्येस, इगतपुरी तालुक्यात, मुंबई-आग्रा रस्त्यावर आणि त्याच वाटेच्या लोहमार्गावर हे भाताच्या व्यापाराचे गाव वसलेले आहे. येथून उत्तरेस डोंगर ओलांडला की त्र्यंबक लागते. तेथे ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके ह्यांचा जन्म झाला. १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' दाखविल्यानंतर फाळक्यांनी आपला कारखाना दादरहून नाशकास नेला. तेव्हापासून नाशकास तयार झालेली जी फीत रेल्वेने मुंबईस गेली ती घोटी स्टेशनावरूनच गेली, आणि तिजविषयी मुंबईच्या पत्रांनी जे बरेवाईट लिहिले तेही टपालाच्या थैलीतून ह्याच वाटेने नाशकास परत आले. फिती गेल्या, पत्रांपैकी काही अद्यापि ह्या वाटेवरच्या घरांच्या माळ्यांवर आहेत.

साधनांची प्रतवारी करताना राजवाड्यांच्या काळापासून आपण अस्सल पत्र आणि मागाहून रचलेली बखर असा भेद करीत आलो. तोच भेद येथे लावला पाहिजे. चित्रपटाच्या इतिहासातील बखर म्हणजे जुन्या मंडळींच्या आठवणी. 'लंकादहन' (१९१७) पाहताना प्रेक्षक पडद्यावर राम दिसताच नमस्कार करीत, आणि मद्रासेस त्याच्या उत्पन्नाची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली, ह्या कथा सर्वत्र आढळतात. त्या खोट्या आहेत असे आमचे म्हणणे नाही. परंतु पानिपताच्या बखरीतील आकड्यांकडे ज्या नजरेने पाहावयाचे त्याच नजरेने ह्या बैलगाडीकडेही पाहावे. स्वतः फाळक्यांनी 'नवयुग' मासिकात १९१७-१८ साली 'भारतीय चित्रपट' ह्या मथळ्याखाली लिहिलेली लेखमाला ह्याहून पुष्कळच वरच्या प्रतीची आहे. तरी तीही घटनेनंतर काही वर्षांनी, खुद्द नायकाने आणि नव्या भांडवलाची गरज असताना लिहिलेली आहे, हे विसरून चालणार नाही.

दुसरे साधन जाहिरातीचे. 'राजा हरिश्चंद्र' च्या जाहिरातीत सत्तावन्न हजार छायाचित्रांचा आणि दोन मैल लांबीचा खेळ अवघ्या तीन आण्यांत, असे सांगितले होते. आम्ही हिशेब करून पाहिला. चित्रपटाची लांबी ३,७०० फूट म्हणून नमूद आहे. एका फुटात सोळा चित्रे ह्या मानाने ५९,२०० चित्रे होतात. म्हणजे सत्तावन्न हजारांचा आकडा जवळजवळ बरोबर आहे. पण ३,७०० फूट म्हणजे मैलाच्या तीन-चतुर्थांशाहूनही काही कमी. तेव्हा दोन मैल ही शुद्ध बढाई ठरते. एकाच जाहिरातीतील एक आकडा विश्वसनीय व दुसरा त्याज्य! जाहिरात सर्वस्वी टाकाऊ नव्हे, परंतु तिच्यातील प्रत्येक शब्द अन्य पुराव्याशी ताडून घ्यावा लागतो, आणि चित्रपट नष्ट झाल्यावर तो अन्य पुरावा समकालीन अभिप्रायावाचून कोठे मिळणार?

आता ह्या अभिप्रायांतही दोन जाती आहेत. प्रशंसक सहसा 'देखावे अप्रतिम, नटवर्ग उत्तम' ह्यापलीकडे जात नाही. क्वचित अपवाद आढळतो. मे १९१३ मधील 'मुंबई क्रॉनिकल' च्या अभिप्रायात 'हरिश्चंद्रा'तील वणव्याचा, शंकर प्रकट होण्याचा व मृत बालक पुन्हा जिवंत होण्याचा असे प्रसंग नेमके उल्लेखिलेले आहेत. त्यामुळे त्या पहिल्या प्रतीत शेवटच्या भागात काय होते हे निश्चित कळते. ह्याचे महत्त्व असे की, 'हरिश्चंद्रा'चे जे दोन भाग उपलब्ध आहेत ते १९१३ चे की १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या आवृत्तीचे, ह्याबद्दल जाणत्यांत मतभेद आहे. अशा वादात प्रशंसेचे शंभर स्तंभ निरुपयोगी आणि प्रसंगाची एक ओळ मोलाची. निंदकास तर प्रसंग सांगितल्यावाचून गत्यंतरच नसते. राक्षसाची दाढी सुटलेली दिसत होती, नायिकेचे लुगडे पौराणिक काळास शोभणारे नव्हते, एका प्रवेशात दुपार व लगेच पुढच्यात सकाळ झाली, असा दोष दाखवावयाचा तर तो कोठे आहे हे सांगावे लागते. त्याच्या रागाने त्याच्या नकळत दप्तर लिहून ठेवले जाते.

परंतु निंदकासही हेतू असतो, आणि तो तपासल्यावाचून त्याची साक्ष घेऊ नये. ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण आम्हांस खुद्द फाळक्यांच्याच बाबतीत सापडते. ऑक्टोबर १९२७ मध्ये सरकारने दिवाणबहादूर टी. रंगाचारियर ह्यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपटचौकशी समिती नेमली. तिने देशभर हिंडून साक्षी घेतल्या व १९२८ मध्ये आपला अहवाल दिला. हिंदी चित्रपट पाश्चात्त्यांच्या मानाने ओबडधोबड असल्याचे समितीने नमूद केले, ह्यात नवल नाही. नवल हे की, हिंदी चित्रपटांविषयी अत्यंत कठोर शब्द ह्या साक्षींत कोणी उच्चारले असतील तर ते त्यांच्या जनकाने. आपल्याकडील चित्रांत तंत्रही नाही व कलाही नाही, अभिनय चांगला नाही, छायाचित्रण तर अगदी खालच्या दर्जाचे, आणि ह्या कलेचे ज्ञान कोणासच नाही, अशा आशयाचा जबाब फाळक्यांनी दिलेला आहे. हा मजकूर वाचून काहींनी खेद केला, तर काहींनी तो मूकपटांच्या दर्जावरचा अंतिम निवाडा मानला. आम्हांस दोन्ही गोष्टी चुकीच्या वाटतात.

जबाब देणाऱ्याची त्या वेळची स्थिती पाहावी. नाशकास १ जानेवारी १९१८ रोजी हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली तेव्हा भांडवल भागीदारांचे व हुन्नर फाळक्यांचा अशी वाटणी होती. ती फार काळ टिकली नाही. फाळके कंपनी सोडून काशीस गेले, तेथे 'रंगभूमि' हे नाटक लिहिले, आणि अच्युतराव कोल्हटकरांनी 'संदेश' मधून परत येण्याविषयी गळ घातली तेव्हा चित्रपटधंद्याच्या दृष्टीने आपण मेलो आहोत असे उत्तर पाठविले. पुढे ते परतले खरे, पण मालक म्हणून नव्हे. म्हणजे १९२७ चा साक्षीदार हा आपल्याच दुकानात नोकर झालेला कारागीर होता, आणि दुसऱ्यांच्या हातचे काम तो पाहत होता. त्याच्या विधानाची परीक्षा करण्याचे एक साधन सुदैवाने हाती आहे. 'कालियामर्दन' (१९१९) बव्हंशी उपलब्ध आहे. त्याच्या आरंभी फाळक्यांची कन्या मंदाकिनी हिच्या मुखावरील निरनिराळे भाव क्रमाने दाखविलेले आहेत आणि पुढे कृष्णाच्या लीला कॅमेऱ्याच्या युक्त्यांनी साधलेल्या आहेत. हे पाहणारा 'कोणासच ज्ञान नाही' हे वाक्य अक्षरशः घेणार नाही. तेव्हा तो जबाब सर्व मूकपटांचे वर्णन नसून, एका निराश आद्यप्रवर्तकाने आपल्या मागून आलेल्यांना लावलेला माप-गज आहे, असा आमचा निर्णय आहे. ह्या दृष्टीने वाचला असता त्याचे मोल कमी होत नाही. उलट, जाणत्या माणसास काय खटकत होते, हे त्यातूनच कळते.

तिसऱ्या दशकापासून टीकेचा धंदा स्वतंत्र झाला व हेतूंचा गुंताही वाढला. बाबूराव पटेलांच्या 'फिल्म इंडिया' ने १९३५ पासून भल्याभल्यांस रडविले. पण ज्या निर्मात्याची एका पानावर हजामत त्याचीच दुसऱ्या पानावर रंगीत जाहिरात, असा प्रकार त्या धंद्यात नेहमीचा असे. पटेलांनी स्वतः काढलेले 'द्रौपदी' (१९४४) व 'ग्वालन' (१९४६) हे चित्रपट पडले, हा काव्यगत न्याय म्हणून त्यांच्या शत्रूंनी मिटक्या मारीत सांगितला असेल; इतिहासाच्या दृष्टीने त्यातून एवढेच घ्यावयाचे की टीकाकार व निर्माता ह्यांच्यातील भिंत पातळ होती. केशव नारायण काळे समीक्षक असून त्यांनी 'माझा मुलगा' (१९३८) दिग्दर्शित केला. 'एकलव्य' ह्या टोपणनावाने गवयांवर लिहिणारे केशवराव भोळे पुढे प्रभातचे संगीतदिग्दर्शक झाले. तेव्हा टोपणनावाखालील लेख हाती आला असता लेखक कोण व तो त्या वेळी कोणाच्या पदरी होता, हे ठरविल्यावाचून त्याचा आधार देणे धोक्याचे आहे.

फाळक्यांच्या उत्तरायुष्यातील दोन चित्रपटांस हे सर्व लागू पडते. 'सेतुबंधन' मूक म्हणून आरंभिला गेला. तो पुरा होईतो १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' बोलला होता. १९३२ मध्ये तो मूकपट म्हणून निघाला व मागाहून खर्च करून त्यास आवाज चिकटवावा लागला. दुसरा 'गंगावतरण', कोल्हापूर सिनेटोनकरिता काढलेला, फाळक्यांचा एकमेव खराखुरा बोलपट. तो १९३७ मध्ये लागला, म्हणजे 'संत तुकाराम' च्या पुढच्या आणि 'कुंकू' च्याच वर्षी. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या चमत्काराने लोक दिङ्मूढ होत तोच चमत्कार सदुसष्टाव्या वर्षी ते पुन्हा दाखवीत होते, आणि समोरचा प्रेक्षक 'कुंकू' तल्या नीरेचा प्रश्न घेऊन बसला होता. चित्रपट चालला नाही. फाळके नाशकास परतले व तेथेच १६ फेब्रुवारी १९४४ रोजी निवर्तले. त्यांच्या चरित्रांत ह्या दोन चित्रपटांस सहसा एकेका परिच्छेदाहून अधिक जागा मिळत नाही. तांत्रिक दोष किती, विषयाचा शिळेपणा किती आणि नव्या पिढीचा अधीरपणा किती, हे ठरवावयाचे तर १९३२ ते १९३४ आणि १९३७ ह्या वर्षांतील साप्ताहिकांचे व दैनिकांचे अभिप्राय एकत्र केले पाहिजेत. वृद्ध कलावंताच्या अपयशाविषयी दयेने मौन पाळण्याची आपली रीत सज्जनपणाची असेल. संशोधनाच्या कामी ती अडचणीची आहे.

संग्राहकांस ह्या कामी काही सूचना कराव्याशा वाटतात. ग्रंथालयांतून मासिकांची वार्षिक बांधणी करताना मुखपृष्ठे व जाहिरातींची पाने कापून टाकण्याची रूढी फार बोकाळलेली होती, आणि चित्रपटविषयक मजकूर बहुधा ह्याच पानांच्या शेजारी असे. म्हणून बांधीव संचापेक्षा सुटा, फाटका अंक पुष्कळदा अधिक पूर्ण असतो. तो केवळ मळका म्हणून नाकारू नये. दुसरे, नामसादृश्याचा घोटाळा. घोटीस एका घरी आम्हांस जे गाठोडे दाखविण्यात आले त्यात फाळक्यांची लेखमाला ज्यात आली त्या 'नवयुग' मासिकाचे अंक आणि आचार्य अत्रे ह्यांनी १९४० मध्ये सुरू केलेल्या 'नवयुग' साप्ताहिकाचे अंक एकाच सुतळीने, एकाच नियतकालिकाचे म्हणून बांधलेले होते. त्यांत भर म्हणून ह्याच नावाची एक चित्रसंस्थाही त्या सुमारास होती. ज्या यादीत नुसते 'नवयुग' एवढेच लिहिलेले असेल ती यादी पुन्हा करणे श्रेयस्कर.

तिसरी सूचना ह्या प्रांताच्या पावसाची आहे. इगतपुरी-घोटीच्या पट्ट्यात चार महिने हवा इतकी दमट असते की माळ्यावरचा कागद आश्विनापर्यंत बुरशीने चिकटून एकजीव होतो. अशी गड्डी मिळाल्यास ती तेथल्या तेथे उलगडण्याचा मोह आवरावा. शाई कोवळी असून पान पानाबरोबर निघते. प्रथम ती गड्डी टीपकागदांच्या थरांत ठेवून सावलीत, वाऱ्यावर वाळू द्यावी, वरखालच्या पानांची नोंद तोवर करून घ्यावी, आणि मगच हस्तिदंती पट्टीने एकेक पान सोडवावे.